जुन्या पिकअप गाडीचा अल्टरनेटर व वायरिंग : दोष शोधण्याची रीत

शेतमाल वेळेवर बाजारात पोचला नाही, तर पिकविण्याचे सारे कष्ट वाया जातात. भाजीपाला, फुले, फळे व दूध हा माल तर रात्रीच्या प्रवासाचा. तो वाहून नेण्यासाठी पुष्कळ शेतकऱ्यांजवळ जुन्या पिकअप गाड्या आहेत. त्यांची इंजिने दणकट असतात व नीट निगा राखल्यास वर्षानुवर्षे काम देतात. परंतु त्यांची वीज-व्यवस्था मात्र वयोमानाने दुबळी होते. बॅटरी उतरते, दिवे मंदावतात, सकाळी गाडी सुरू होत नाही. अशा वेळी "डायनामो गेला" असे म्हणून अल्टरनेटर बदलण्याची, आणि तेवढ्याने भागले नाही तर नवी बॅटरी घेण्याची प्रथा पडली आहे. यात पैसा जातो आणि मूळ दोष बहुधा जागच्या जागी राहतो.

या दोषाचा खरा धोका पैशापुरता नाही. यांत्रिक पंप असलेले डिझेल इंजिन एकदा सुरू झाले म्हणजे त्याला बहुधा विजेची गरज राहत नाही. चार्जिंग बंद पडले तरी गाडी धावत राहते व चालकाला काही कळत नाही. हिशेब करून पाहावा. पुढचे दोन मोठे दिवे प्रत्येकी 60 वॅटचे धरले तर 12 व्होल्टवर ते मिळून 10 अँपिअर प्रवाह घेतात. मागील दिवे, वायपर व इतर उपकरणे धरून ही मागणी 18 अँपिअरच्या आसपास जाते. 80 अँपिअर-तासाची बॅटरी निम्मी भरलेली असेल, तर तिच्यात 40 अँपिअर-तास शिल्लक असतात. म्हणजे सव्वादोन तासांत ती रिकामी होणार आणि दिवे त्याच्याही आधी मंदावणार. भरलेली गाडी त्या वेळी घाटात असेल, तर काय प्रसंग ओढवेल हे सांगावयास नको.

हा दोष शोधण्याचे काम अवघड नाही. साधा मल्टीमीटर, थोडी सवड आणि ठराविक क्रम एवढ्या तीन गोष्टी पुरेशा होतात. प्रस्तुत लेखातील आकडे 12 व्होल्टच्या, ऋण टोक अर्थिंगला जोडलेल्या व अल्टरनेटर बसविलेल्या जुन्या गाड्यांसाठी आहेत. फार जुन्या गाड्यांत खराखुरा डायनामो व कट-आउट असतो, काहींत 6 व्होल्टची बॅटरी असते, तर काही जुन्या विलायती गाड्यांत धन टोकच अर्थिंगला जोडलेले आढळते. म्हणून गाडी कोणत्या जातीची आहे हे प्रथम पाहून घ्यावे. संगणकाद्वारे चार्जिंगचे नियंत्रण होणाऱ्या अलीकडील गाड्यांना हे आकडे जसेच्या तसे लावू नयेत.

व्यवस्था कशी चालते

शेतकऱ्याला ही व्यवस्था पाणीपुरवठ्याच्या दाखल्याने चटकन समजते. अल्टरनेटर हा पंप, बॅटरी ही टाकी, तारा म्हणजे पाट आणि दिवे, हॉर्न, स्टार्टर ही पाण्याची वाट पाहणारी पिके. पाण्याच्या दाबासारखा विजेचाही दाब असतो. तो व्होल्टमध्ये मोजतात. प्रवाह अँपिअरमध्ये व प्रवाहाला होणारा अडथळा, म्हणजे अवरोध, ओहममध्ये मोजतात. शेवटच्या वाफ्यापर्यंत पाणी पोचत नसेल, तर शहाणा शेतकरी लगेच नवा पंप आणीत नाही. पाट कोठे फुटला आहे, कोठे गाळ साचला आहे, हे तो आधी चालून पाहतो. गाडीच्या बाबतीतही हेच करावयाचे आहे.

मात्र एक फरक ध्यानात ठेवावा. पाणी पिकात मुरते. वीज मुरत नाही, ती फेरा पूर्ण करून परत यावी लागते. जाण्याचा मार्ग तारेतून असतो व परतीचा मार्ग गाडीच्या लोखंडी सांगाड्यातून. या परतीच्या मार्गालाच अर्थिंग म्हणतात. तार जेवढी महत्त्वाची तेवढेच अर्थिंगही महत्त्वाचे असते. पण ते डोळ्यांना दिसत नसल्याने त्याचा विसर पडतो.

पूर्वीच्या डायनामोच्या जागी मोटारगाड्यांत अल्टरनेटर मोठ्या प्रमाणावर आला तो 1960 नंतर. सिलिकॉनचे डायोड उपलब्ध झाल्यामुळे हे शक्य झाले. अल्टरनेटरच्या मधोमध फिरणारा रोटर असतो. कार्बन ब्रशांतून त्याला थोडा प्रवाह मिळाला म्हणजे त्याचे चुंबक बनते. ते चुंबक फिरू लागले की सभोवतालच्या स्थिर गुंडाळ्यांत उलटसुलट दिशेने वाहणारी वीज निर्माण होते. डायोड हे पाण्याच्या एकमार्गी झडपेप्रमाणे काम करून ती वीज एका दिशेची करतात. निघणारा दाब ठराविक मर्यादेत ठेवण्याचे काम रेग्युलेटर करतो.

डॅशबोर्डवरील चार्जिंगचा लाल दिवा केवळ सूचना देत नाही. पुष्कळ गाड्यांत रोटरला मिळणारा पहिला प्रवाह याच दिव्यातून जातो. त्यामुळे हा छोटा बल्ब उडाला, तर चांगला अल्टरनेटरही चार्जिंग सुरू करीत नाही, किंवा इंजिन खूप जोरात फिरविल्यावरच सुरू करतो.

साहित्य आणि खबरदारी

मल्टीमीटर, 12 व्होल्टचा 5 वॅटचा बल्ब दोन तारांना जोडून केलेला तपासणी-दिवा, पाने, पॉलिश पेपर, तारेचा ब्रश, खाण्याचा सोडा, बॅटरीचे पाणी व पेट्रोलियम जेली एवढे साहित्य जवळ असावे. काम सुरू करण्यापूर्वी पुढील नियम सर्वांनी पाळावेत.

1. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो व तो ठिणगीने पेट घेतो. जवळ विडी, काडी वा दिवा आणू नये.
2. बॅटरी सोडविताना प्रथम ऋण टोक, म्हणजे मायनस, काढावे व जोडताना ते शेवटी जोडावे. हातातील अंगठी, कडे व घड्याळ काढून ठेवावे.
3. अल्टरनेटरच्या जाड तारेचे टोक इंजिन बंद असतानाही जिवंत असते. बॅटरी सोडविल्याशिवाय तेथे पाना लावू नये.
4. इंजिन चालू असताना पंखा व पट्टा यांपासून हात, उपरणे, रुमाल व सैल बाह्या दूर ठेवाव्यात.
5. इंजिन चालू असताना बॅटरीचे टोक काढून "चार्जिंग होते का" हे पाहण्याची चाल अत्यंत घातक आहे. बॅटरीचा आधार सुटताच दाब एकदम उसळतो व डायोड, रेग्युलेटर, बल्ब जळतात. डायनामोच्या काळातील ही सवय अल्टरनेटरच्या गाडीवर कधीही वापरू नये. जाड तार सांगाड्याला टेकवून ठिणगी पाहणेही तितकेच वाईट.
6. गाडीच्या सांगाड्याला वेल्डिंग करावयाचे असल्यास आधी बॅटरी सोडवावी.

पहिली पायरी : डोळ्यांनी पाहणी

मीटर हाती घेण्यापूर्वी नीट पाहावे. बॅटरीच्या टोकांवर पांढरा किंवा हिरवट थर साचला असल्यास तो सोड्याच्या पाण्याने धुऊन, टोके घासून, घट्ट आवळावीत व वर जेलीचा पातळ लेप द्यावा. धुताना सोड्याचे पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये. झाकणे उघडणारी बॅटरी असल्यास प्लेटा पाण्याखाली बुडालेल्या आहेत की नाही ते पाहावे व फक्त डिस्टिल्ड वॉटरच घालावे. विहिरीचे किंवा बोअरचे पाणी कदापि घालू नये.

पट्टा दोन पुल्यांच्या मध्यभागी अंगठ्याने दाबल्यास साधारणपणे 10 ते 12 मिलिमीटर दबावा. तो काचेसारखा चकचकीत झाला असेल तर घसरतो. पावसात किंवा मोठे दिवे लावताच किंचाळल्यासारखा आवाज येणे ही त्याची खूण. घसरणाऱ्या पट्ट्यावर नवा अल्टरनेटर बसविला तरी काडीचाही उपयोग होत नाही.

त्यानंतर तारांच्या मार्गाने हात फिरवावा. जेथे तार सांगाड्याच्या कडेवरून जाते, जेथे इंजिनच्या हादऱ्याने घासते आणि जेथे पीळ देऊन टेप गुंडाळली आहे, तेथे दोष वसतो. गोठ्यात किंवा धान्याच्या कोठाराजवळ उभ्या राहणाऱ्या गाडीच्या तारा उंदीर कुरतडतात, हेही ध्यानात ठेवावे.

दुसरी पायरी : विश्रांतीत बॅटरीचा दाब

गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी काहीही न लावता बॅटरीच्या दोन टोकांवर मीटर लावावा. दाब 12.6 व्होल्ट किंवा किंचित अधिक असल्यास बॅटरी पूर्ण भरलेली, 12.4 असल्यास सुमारे पाऊण, 12.2 असल्यास निम्मी आणि 12.0 असल्यास केवळ पाव भरलेली समजावी. त्यानंतर एकाने स्टार्टर मारावा व दुसऱ्याने मीटर पाहावा. भरलेल्या बॅटरीचा दाब स्टार्टर फिरत असताना 9.6 व्होल्टच्या खाली गेला, तर बॅटरीत दोष असण्याचा संभव आहे. अशा वेळी हायड्रोमीटरने प्रत्येक कप्प्यातील द्रवाची घनता पाहावी. एखाद्या कप्प्याची घनता इतरांपेक्षा 0.050 किंवा त्याहून अधिक कमी भरली, तर तो कप्पा निकामी झाला आहे.

उतरलेल्या बॅटरीवर अल्टरनेटरची परीक्षा करू नये. प्रथम बॅटरी बाहेरून चार्ज करून घ्यावी व मगच पुढे जावे.

तिसरी पायरी : इंजिन चालू असताना दाब

इंजिन मध्यम गतीने चालवून पुन्हा बॅटरीच्या टोकांवर मीटर लावावा. दाब 13.8 ते 14.5 व्होल्टच्या दरम्यान असावा. नंतर मोठे दिवे व वायपर लावावेत. तरीही तो 13.3 च्या खाली उतरू नये. वाचनाचे अर्थ पुढीलप्रमाणे :

दाब विश्रांतीतील आकड्याएवढाच राहिला किंवा घसरत गेला, तर बॅटरीपर्यंत चार्जिंग मुळीच पोचत नाही.

दाब 13 व्होल्टच्या आसपास अडकला, तर चार्जिंग अपुरे आहे. पट्टा, जोड, अर्थिंग किंवा डायोड यांपैकी कोठेतरी दोष आहे.

दाब 15 व्होल्टच्या वर गेला, तर रेग्युलेटर बिघडला आहे किंवा त्याचे अर्थिंग सैल आहे. बॅटरीचे पाणी वारंवार आटणे आणि बल्ब पुनःपुन्हा उडणे ही याची लक्षणे होत.

चौथी पायरी : वाटेतील गळती मोजणे

बहुतेक कारागीर ही पायरी गाळतात, आणि नेमके येथेच पुष्कळ दोष सापडतात. इंजिन मध्यम गतीने चालू ठेवावे व मोठे दिवे, वायपर लावून ठेवावेत. मीटरचे एक टोक अल्टरनेटरच्या जाड तारेच्या बोल्टवर व दुसरे बॅटरीच्या धन टोकाच्या शिशाच्या खुंटीवर ठेवावे. पकडीवर ठेवू नये. मीटर जो आकडा दाखवील, तेवढा दाब तारेच्या वाटेत खर्ची पडत आहे. तो 0.3 व्होल्टपेक्षा अधिक नसावा. त्यानंतर अल्टरनेटरचे लोखंडी अंग व बॅटरीच्या ऋण टोकाची खुंटी यांमध्ये मीटर लावावा. येथे 0.2 व्होल्टपेक्षा अधिक घट नसावी.

घट अधिक आढळल्यास मीटरचे एक टोक स्थिर ठेवून दुसरे एकेका जोडावरून पुढे सरकवावे. ज्या जोडावर आकडा एकदम उडी घेतो तोच दोषी जोड. तो सोडवून, चकाकेपर्यंत घासून, घट्ट बसवावा. तारेच्या टोकावरील लग सैल असेल तर नवा लग दाबयंत्राने नीट बसवावा. नुसता पीळ देऊन टेप गुंडाळणे हा उपाय नव्हे.

एवढ्याशा जोडाने काय बिघडते, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर हिशेबात आहे. 10 चौरस मिलिमीटरच्या दोन मीटर लांब तांब्याच्या चांगल्या तारेतून 35 अँपिअर प्रवाह गेला, तर केवळ 0.12 व्होल्ट खर्ची पडतो. याउलट गंजलेल्या एकाच जोडाचा अवरोध 0.05 ओहम असेल, तर 30 अँपिअरला दीड व्होल्ट तेथेच नाहीसा होतो आणि 45 वॅट उष्णता त्या एका बिंदूवर निर्माण होते. त्या उष्णतेने तारेचे आवरण वितळते, जोड आणखी सैल होतो व अखेर आग लागण्याचीही भीती असते. ज्या जुन्या गाड्यांत सर्व चार्जिंग-प्रवाह डॅशबोर्डवरील अँमीटरमधून जातो, तेथे त्या अँमीटरचे मागील दोन नट दर हंगामात आवर्जून आवळावेत.

पाचवी पायरी : खुद्द अल्टरनेटर

वाट निर्दोष ठरल्यावरच अल्टरनेटरकडे वळावे. किल्ली फिरवावी, पण इंजिन सुरू करू नये. चार्जिंगचा लाल दिवा लागला पाहिजे. तो लागत नसेल तर बल्ब, त्याचा फ्यूज व बारीक तार तपासावी. किल्ली चालू ठेवूनच स्क्रू-ड्रायव्हरचे टोक अल्टरनेटरच्या मागील बेअरिंगजवळ न्यावे. ते ओढले गेले, तर रोटरला प्रवाह मिळून तो चुंबक झाला आहे. ओढले गेले नाही, तर ब्रश झिजले असावेत, रेग्युलेटर बिघडला असावा किंवा बारीक तार तुटली असावी. ब्रश सुमारे 5 मिलिमीटरपर्यंत झिजल्यास बदलावेत. ब्रश किंवा रेग्युलेटर पुष्कळ जातींत स्वतंत्र मिळतो. त्यासाठी सबंध अल्टरनेटर टाकून देण्याचे कारण नाही.

इंजिन चालू झाल्यावर लाल दिवा पूर्ण विझला पाहिजे. तो ठळक राहिला तर चार्जिंग नाही. अंधारात पाहिल्यावर तो अगदी मंद तेवताना दिसला, तर डायोड बिघडला आहे किंवा जाड तारेच्या वाटेत मोठी घट आहे. या मंद दिव्याकडे दुर्लक्ष करू नये. पुढे येणाऱ्या संकटाची ती आगाऊ सूचना असते.

डायोडची आणखी एक परीक्षा आहे. मीटर उलटसुलट विजेच्या, म्हणजे एसी व्होल्टच्या, खुणेवर ठेवून इंजिन चालू असताना बॅटरीवर लावावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा अधिक आकडा दिसल्यास डायोड संशयास्पद समजावा. त्याचप्रमाणे रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचा अल्टरनेटर सकाळी हाताला कोमट लागला, तर डायोडमधून बॅटरीची वीज उलटी झिरपत आहे असे खात्रीने समजावे.

उभ्या गाडीची बॅटरी उतरत असल्यास

चार्जिंग उत्तम, बॅटरी चांगली, तरी दोन-चार दिवस गाडी उभी राहिल्यास बॅटरी उतरते, अशी तक्रार पुष्कळदा येते. अशा वेळी सर्व दिवे व किल्ली बंद करावी आणि दारे लावून घ्यावीत. बॅटरीचे ऋण टोक काढून ती तार व खुंटी यांमध्ये तपासणी-दिवा जोडावा. दिवा लागला, तर कोठेतरी वीज चोरली जात आहे. आता एकेक फ्यूज काढीत जावे. ज्या फ्यूजने दिवा विझेल त्या शाखेत गळती आहे. कोणत्याही फ्यूजने न विझल्यास अल्टरनेटरची जाड तार सोडवून पाहावी. मात्र ती सोडविण्यापूर्वी दिवा काढून घ्यावा व तारेचे सुटे टोक टेपने झाकूनच दिवा पुन्हा जोडावा. दिवा लागत नसला तरी बारीक गळती असू शकते. म्हणून त्याच ठिकाणी मीटर अँपिअरच्या खुणेवर लावून पाहावे. साध्या जुन्या गाडीत 50 मिलिअँपिअरहून अधिक प्रवाह नसावा. मीटर असा जोडलेला असताना स्टार्टर मारू नये, नाहीतर मीटर जळेल.

दिवे व अर्थिंग

ब्रेक दाबताच इंडिकेटर मंद लुकलुकतो, एका बाजूचा दिवा लावल्यास दुसऱ्या बाजूचाही तेवतो, असे चमत्कार दिसू लागले की मागील दिव्यांचे अर्थिंग गेले असे ओळखावे. खताची वाहतूक करणाऱ्या गाड्यांत हे विशेष घडते. सांडलेले म्युरेट ऑफ पोटॅश हे क्षारच असून, ओलाव्याबरोबर ते लोखंड व तांबे दोन्ही खाते. खत उतरविल्यावर हौद्याच्या कडा व मागील दिव्यांची जागा पाण्याने धुऊन वाळवावी आणि अर्थिंगचे स्क्रू घासून बसवावेत. इंजिन व सांगाडा यांना जोडणारी चपटी अर्थिंग-पट्टी तर विसरूच नये. इंजिन दुरुस्तीनंतर ती रंगावर बसविली जाते किंवा बसवावयाची राहूनही जाते.

फ्यूज उडाल्यास तेथे तांब्याची तार किंवा सिगारेटची चांदी लावणे म्हणजे स्वतःच्या हाताने गाडी पेटविण्याची तयारी करणे होय. फ्यूज का उडाला हे शोधावे व त्याच अँपिअरचा नवा लावावा. वाढीव दिवे बसवावयाचे असल्यास बॅटरीपासून स्वतंत्र तार, फ्यूज व रिले यांच्याद्वारेच बसवावेत. शंभर वॅटचे दोन दिवे 12 व्होल्टवर जवळजवळ 17 अँपिअर प्रवाह घेतात. मुळातल्या बारीक तारेला व स्विचला तो भार सोसत नाही.

विचारार्थ एक प्रसंग

वरील क्रमाचा उपयोग कसा होतो, हे पाहण्यासाठी पुढील प्रसंग विचारात घ्यावा. नारायणगावच्या बाजारातून टोमॅटो भरून एक जुनी पिकअप पावसाळ्यात माळशेज घाटमार्गे कल्याणकडे निघाली. महिन्यापूर्वी तिचे इंजिन उतरवून दुरुस्त केले होते. त्यानंतर बॅटरी वरचेवर उतरू लागली म्हणून आधी बॅटरी व नंतर अल्टरनेटर बदलला. तरीही घाटाच्या धुक्यात दिवे पिवळे पडले आणि गाडी सुरक्षित जागी उभी करून उजाडेपर्यंत थांबावे लागले. बाजाराची वेळ टळली व मालाचा उठाव राहिला नाही. डॅशबोर्डवरील लाल दिवा गेले पंधरा दिवस रात्री मंद तेवत होता. तो चालकाने पाहिला होता, परंतु त्याचा अर्थ त्याला ठाऊक नव्हता.

क्रमाने मोजणी केली असता अल्टरनेटरवर 14.3 व्होल्ट, पण बॅटरीवर मात्र 12.9 व्होल्ट आढळतात. मधले 1.4 व्होल्ट गेले कोठे? धन बाजूच्या वाटेत 1.1 व्होल्ट आणि अर्थिंगच्या वाटेत 0.3 व्होल्ट. जाड तारेचा लग सैल होऊन काळा पडला होता आणि अर्थिंग-पट्टी रंगावर आवळलेली होती. नवा लग, थोडा पॉलिश पेपर व अर्ध्या तासाचे काम यांनी बॅटरीवरील दाब 14.1 व्होल्टवर आला. बदललेला अल्टरनेटर मुळात चांगलाच होता. पंप बदलला गेला, पण पाटातला गाळ तसाच राहिला होता.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

पावसाळ्यापूर्वी व मालाच्या मुख्य हंगामापूर्वी गावातील गाडीमालकांना एकत्र बोलावून एका गाडीवर या पाच पायऱ्यांचे प्रात्यक्षिक करावे. केवळ सांगून भागत नाही. मीटर प्रत्येकाच्या हाती द्यावा व आकडा त्यालाच मोठ्याने वाचावयास सांगावा. दहा-बारा गाडीमालकांनी मिळून एक मल्टीमीटर व एक हायड्रोमीटर घेतल्यास कोणावरही भार पडत नाही.

प्रत्येक गाडीत एक छोटी वही ठेवावी व महिन्यातून एकदा चार आकडे तारखेसह लिहावेत : विश्रांतीतील दाब, दिवे लावून इंजिन चालू असतानाचा दाब, धन वाटेतील घट व अर्थिंगमधील घट. आकडे सरकू लागले की दोष मोठा होण्याआधीच कळतो. कारागिराकडे जातानाही ही वही बरोबर न्यावी. आकडे पाहिल्यावर चांगला कारागीर नेमक्या जागी हात घालतो, आणि अनावश्यक भाग गळ्यात पडण्याचा संभवही कमी होतो.

अभ्यासासाठी प्रश्न

1. अल्टरनेटरवर 14.2 व बॅटरीवर 13.0 व्होल्ट दाब आहे. अल्टरनेटर बदलावा काय? पुढे कोठे मोजावे?
2. किल्ली फिरविल्यावर चार्जिंगचा दिवा लागत नाही. याचा चार्जिंगवर काय परिणाम होईल?
3. इंजिन चालू असताना बॅटरीचे टोक का काढू नये?
4. सकाळी अल्टरनेटर कोमट लागतो. दोष कोणत्या भागात असावा?
5. आपल्या गावातील एका गाडीचे वरील चार आकडे घेऊन वहीत लिहा व त्यांचा अर्थ गाडीमालकास समजावून सांगा.